रोव्हर एसडी-१ : नेहमी विचारले जाणारे प्रश्न (आणि त्यांची जरा लांबलेली उत्तरं)

रोव्हरचा विषय काढला की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं बसून सगळं लिहून काढलं. जिथे मला जास्त रस आहे तिथे उत्तर लांबलंय, त्याला इलाज नाही.

एसडी-१ म्हणजे नेमकी कुठली गाडी?

१९७६ ते १९८६ या काळात इंग्लंडात बनलेली पाच दारांची मोठी रोव्हर. शोरूममध्ये मात्र कोणी तिला एसडी-१ म्हणत नव्हतं, मागे ३५००, २६००, २३००, २००० असे आकडे असायचे, म्हणजे इंजिन किती सीसीचं ते. एसडी-१ हे कंपनीच्या आतलं कामापुरतं नाव, स्पेशालिस्ट डिव्हिजनचं पहिलं प्रोजेक्ट म्हणून एसडी आणि एक. ते लोकांच्या तोंडात इतकं बसलं की आता खरं नाव सांगितलं तर लोक विचारतात, म्हणजे एसडी-१ च ना?

स्पेशालिस्ट डिव्हिजन ही काय भानगड?

१९६८ साली इंग्लंडातल्या बऱ्याच गाडी कंपन्या एकत्र करून ब्रिटिश लेलँड नावाचं एक प्रचंड कुटुंब उभं केलं, ऑस्टिन, मॉरिस, ट्रायम्फ, रोव्हर, जॅग्वार सगळे एका छपराखाली. त्यातल्या जरा वरच्या घरातल्या कंपन्यांचा जो गट तो स्पेशालिस्ट डिव्हिजन. गंमत अशी की रोव्हर आणि ट्रायम्फ दोघंही तोपर्यंत एकाच गिऱ्हाइकाला गाडी विकत होते, रोव्हरची पी-६ आणि ट्रायम्फची २०००, दोन्ही १९६३ च्या, दोन्ही मध्यम मोठ्या, आणि गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टर, वकील, कंपनीतला मॅनेजर. यालाच तिकडे एक्झिक्युटिव्ह कार म्हणतात, मालक स्वतः चालवतो, पण दारात उभी असली की चार लोकांना कळलं पाहिजे साहेब वर चढलेत. आता एकाच घरात दोन चुली कशाला, म्हणून दोघींच्या जागी एकच गाडी काढायचं ठरलं, आणि ती एसडी-१.

ती फेरारीची कॉपी आहे हे खरं का?

कॉपी म्हणणं जरा जास्त होतं, पण डिझायनर डेव्हिड बाश यांनी फेरारी डेटोनावरून नजर फिरवली होती हे लपलेलं नाही. पुढचं खाली झुकलेलं तोंड, बाजूने दरवाजांवरून जाणारी ती खोलगट रेघ, बघा एकदा दोन्ही फोटो शेजारी ठेवून. शिवाय पिनिनफरिनाने साठच्या दशकात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या १८०० या गाडीवरून एक वाऱ्याला कापत जाणारी नमुना गाडी बनवली होती, तिचाही अंश हिच्यात आहे. तोवर इंग्लंडातल्या साहेबी गाडीला वेगळी डिकी पाहिजे असाच दंडक होता, आणि बाशनी सरळ मागे मोठं उघडणारं दार दिलं. मागची सीट पाडली की कपाट जाईल एवढी जागा. वकील मंडळी आधी बिचकली, पण घेतली.

इंजिनिअरिंगची बाजू स्पेन किंग यांची, म्हणजे रेंज रोव्हरच्या मागचं डोकं तेच. त्यांचं म्हणणं असं की गाडी साधी ठेवा, उगाच गुंतागुंत नको. म्हणून जुन्या पी-६ ला मागे डी डिऑन नावाचं गुंतागुंतीचं सस्पेन्शन आणि चारी चाकांना डिस्क ब्रेक होते ते जाऊन इथे मागे सरळसोट अखंड अ‍ॅक्सल आणि ड्रम ब्रेक आले. कागदावर वाचलं की वाटतं एक पाऊल मागे, आणि टीकाही झाली. पण वॉट्स लिंकेज, म्हणजे त्याला बाजूला सरकू न देणारी दांड्यांची जोडणी, लावून अ‍ॅक्सल असा काही बांधला, आणि मागे लोड पडला की गाडी आपोआप लेव्हलला आणणारे शॉकअब दिले, की चालवणाऱ्याला वळणावर तक्रार करायला फार जागा राहिली नाही. माझं मत विचाराल तर किंग बरोबर होते. बिघडायला जितक्या कमी वस्तू तितकं बरं, विशेषतः ती गाडी कोणत्या कारखान्यात जोडली जाणार आहे ते माहीत असताना. त्यावर येतोच.

डॅशबोर्डवर तो डबा का ठेवलाय?

हा माझा लाडका प्रश्न. एसडी-१ च्या आत बसलात की मीटर डॅशबोर्डात बसवलेले दिसत नाहीत, डॅशबोर्ड म्हणजे एक सपाट फळी आणि तिच्यावर स्टेअरिंगच्या पुढ्यात एक वेगळा चौकोनी डबा, त्यात सगळे काटे आणि दिवे. कारण पैसा वाचवणे. इंग्लंडसाठी स्टेअरिंग उजवीकडे, युरोपसाठी डावीकडे, दोन वेगवेगळे डॅशबोर्ड कशाला बनवायचे, डबा उचलायचा आणि दुसऱ्या बाजूला ठेवायचा. आणि स्टेअरिंगचा दांडा कुठून जाणार? तर बाजूला बसणाऱ्याच्या बरोबर छातीसमोर एक हवेची जाळी आहे, तिच्या मागेच ते भोक. डावं स्टेअरिंग असेल तर दांडा तिथून, नाहीतर तिथून वारा.

मी ही जाळी पहिल्यांदा बघितली ती इंग्लंडात नाही, सांगलीत, शाळेत असताना. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका कारखानदारांकडे स्टँडर्ड २०००, म्हणजे एसडी-१ चाच आपल्याकडे बनलेला अवतार, होती, आम्ही पोरं काचेला नाक लावून आत बघायचो आणि काचेवर वाफ धरायची म्हणून ड्रायव्हरकाका फडकं घेऊन ओरडत यायचे. एकदा धीर करून विचारलं, काका, ती जाळी तिथं मधोमध का? ते म्हणाले, साहेबास्नी छातीवर गार वारा लागावा म्हणून. वीस वर्षं मी हेच खरं धरून चाललो होतो.

व्ही-८ इंजिन रोव्हरचंच का?

मुळात नाही, अमेरिकेतलं. जनरल मोटर्सने १९६१ ला ब्यूकसाठी ३५२८ सीसीचं अख्खं अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-८, म्हणजे व्हीच्या आकारात दोन बाजूंना चार-चार सिलिंडर असलेलं इंजिन, काढलं, हलकं, पण ओतकामाला महाग पडायचं आणि अमेरिकेत पेट्रोल पाण्यासारखं, तर वजनाची फिकीर कोणाला, म्हणून दोन-तीन वर्षांत बंद केलं. रोव्हरचे तेव्हाचे मॅनेजिंग डायरेक्टर विल्यम मार्टिन-हर्स्ट अमेरिकेत मर्क्युरी मरीन या बोटींची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत वेगळ्याच कामाला गेले होते, तिथे वर्कशॉपमध्ये हे इंजिन पडलेलं दिसलं आणि ते त्याच्या प्रेमातच पडले. चौकशी केली, कळलं की जनरल मोटर्सला ते नकोच आहे. १९६५ ला हक्क घेतले. भंगारात निघालेला माल उचलला आणि त्यावर चाळीस वर्षं काढली म्हणा ना, १९६७ ला रोव्हरचीच पी-५ बी, मग पी-६, १९७० ला रेंज रोव्हर, शिवाय मॉर्गन, एमजी, टीव्हीआर या इंग्लिश स्पोर्ट्स गाड्या, आणि लँड रोव्हरच्या गाड्यांत तर २००४ पर्यंत.

एसडी-१ मध्ये सुरुवातीला १५५ हॉर्सपॉवर आणि पाच गिअर, वेग ताशी २०० किलोमीटरच्या घरात. आज आकडा छोटा वाटेल, १९७६ ला घर-संसारवाल्या पाच दारी गाडीला हे भारी होतं. आणि आवाज! खालच्या पट्टीतली ती घरघर ऐकायची असेल तर एखादा व्हिडिओ हेडफोन लावून बघा.

मग २३०० आणि २६०० मध्ये काय होतं?

१९७७ ला आलेली सहा सिलिंडरची इंजिनं, ट्रायम्फच्या लोकांनी केलेली. चालायला गुळगुळीत, पण वर कॅमशाफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या दांड्याला, ऑइल नेणारा रस्ता बारीक, ऑइल वेळेवर बदललं नाही की गाळ बसून तो तुंबायचा आणि कॅमशाफ्ट कोरडा पडून खलास. ज्यांनी सर्व्हिस नीट केली त्यांना त्रास कमी झाला, पण तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे गेलेल्या गाडीची सर्व्हिस कोण नीट करतंय.

युरोपातली कार ऑफ द इयर असून बदनाम कशी काय झाली?

हाच खरा प्रश्न. ३० जून १९७६ ला गाडी आली, पत्रकार खुश, आणि १९७७ चा युरोपियन कार ऑफ द इयर हिला मिळाला, ऑडी १०० आणि फोर्ड फिएस्टा मागे टाकून. लोकांच्या रांगा लागल्या. आणि इथपासून घसरगुंडी.

बर्मिंगहॅमजवळच्या सोलिहलला हिच्यासाठी नवाकोरा कारखाना बांधलेला. पण सरकारने नुकतंच १९७५ ला ब्रिटिश लेलँड दिवाळखोरीतून वाचवून स्वतःच्या ताब्यात घेतलेलं, मॅनेजमेंट आणि युनियन यांच्यात विस्तव जात नाही, आज हे खातं बंद तर उद्या पार्ट पुरवणाऱ्याकडे संप, म्हणजे मागणी असताना गाड्याच बाहेर पडेनात. आणि ज्या पडल्या त्यांचा रंग पोपडे धरून निघायचा, दारांच्या फटी एकीकडे बोटभर तर दुसरीकडे नखभर, पावसाचं पाणी आत, सेंट्रल लॉकिंग आणि काचांची बटणं मनाला येईल तेव्हा चालणार. गिऱ्हाईक कोण, तर डॉक्टर आणि वकील, म्हणजे चार लोकांत बोलणारी माणसं. त्यांनी क्लबात जाऊन सांगितलं आणि झालं. गाडी आली त्याच वर्षी, १९७६ च्या जानेवारीत, मर्सिडीजची डब्ल्यू १२३ आली होती, दिसायला साधी, पण दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज, तिच्या शेजारी ही कशी उभी राहणार.

सगळा दोष कामगारांवर ढकलायची इंग्लंडात फॅशन आहे आणि आपल्याकडेही लोक तेच वाचून तेच बोलतात, मला ते पटत नाही. संप झाले हे खरं. पण आतलं सगळं प्लास्टिक स्वस्तातलं निवडलं ते कामगारांनी नाही, तुंबणारा ऑइलचा रस्ता आखला तोही कामगारांनी नाही, आणि पुरेशी तपासणी न करता गाडी दारातून बाहेर सोडायचा निर्णय वरच्या मजल्यावरचा. गाडी कागदावर उत्तम होती, ती जोडताना जो पैसा आणि जी शिस्त लागते ती कोणीच दिली नाही, वरच्यांनीही आणि खालच्यांनीही.

१९८१-८२ ला सोलिहलची ती लाइन बंद करून काम ऑक्सफर्डजवळच्या काउलीला नेलं आणि १९८२ ला सुधारलेली दुसरी सीरिज आली. जाणकार सांगतात की घ्यायची तर काउलीची घ्या. पण नाव एकदा गेलं ते गेलंच.

जुन्या मॉडेलला मागे वायपर का नाही?

मागच्या काचेचा उतारच असा आहे की वारा पाणी उडवून लावेल, असं समजून दिला नव्हता. नाही उडालं. १९८२ ला गुपचूप वायपर बसवला.

पोलिसांची गाडी म्हणून एवढी प्रसिद्ध का?

कारण मोटरवेवर पळणाऱ्याला गाठायला व्ही-८ आणि मागे शंकू, बॅरिकेड, फर्स्टएडच्या पेट्या टाकायला ते मोठं दार, पोलिसांना याहून काय पाहिजे. इंग्लंडातल्या कितीतरी पोलीस दलांनी घेतल्या.

सगळ्यात गाजलेली गोष्ट ८ मे १९८७ ची. एका पेशंटसाठी दान मिळालेलं यकृत स्टॅनस्टेड विमानतळावरून लंडनमधल्या केन्सिंग्टनच्या क्रॉमवेल हॉस्पिटलला न्यायचं होतं, वेळ हातात अगदी थोडा, २७ मैल अंतर, म्हणजे आपले ४३ किलोमीटर, आणि शेवटचा टप्पा भर लंडनच्या ट्रॅफिकमधून. मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या रोव्हर निघाल्या आणि साधारण ३० मिनिटांत पोचल्या. ऑपरेशन यशस्वी झालं. गाडीतल्या कॅमेऱ्याने हे सगळं टिपलंय आणि तो व्हिडिओ आजही फिरतो, चौकाचौकात पोलीस रस्ता अडवून उभे आणि मधून ही सुसाट, बघताना आपलेच पाय ब्रेक दाबायला लागतात. लक्षात घ्या, तोवर गाडीचं उत्पादन बंद होऊन वर्ष होत आलं होतं.

रेसिंगमध्ये काय केलं?

व्हिटेस नावाचं मॉडेल १९८२ ला आलं, फ्युएल इंजेक्शन, १९० हॉर्सपॉवर, मागे काळं रबरी स्पॉयलर. टॉम वॉकिनशॉ यांच्या टीमने ती ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिपमध्ये उतरवली आणि १९८३ ला स्टीव्ह सोपर पहिला आला, पण गाड्या नियमात बसत नाहीत अशी तक्रार झाली, प्रकरण लांबलं आणि शेवटी किताब काढून अल्फा रोमिओवाल्या अँडी राउझला दिला. पुढच्या वर्षी १९८४ ला तोच अँडी राउझ स्वतः रोव्हर व्हिटेस घेऊन आला आणि जिंकला! अशी स्टोरी कोणी रचून सांगितली असती तर आपण म्हणालो असतो, काहीही.

ग्रेस केलीचा अपघात याच गाडीत झाला ना?

नाही. १९८२ ला मोनॅकोच्या राजाच्या पत्नी, पूर्वीच्या हॉलिवूड नटी ग्रेस यांची गाडी दरीत गेली ती रोव्हर ३५०० होती हे बरोबर, पण आधीची, पी-६ वाली. दोन्ही गाड्यांना ३५०० च म्हणायचे म्हणून घोळ होतो.

अमेरिकेत विकली का?

१९८० च्या सुमाराला प्रयत्न केला. तिकडच्या नियमांसाठी भलेमोठे बंपर आणि प्रदूषणाचा सरंजाम लावून गाडीची रया गेली, फारच थोड्या खपल्या आणि गाशा गुंडाळला.

आणि आपली स्टँडर्ड २०००?

चला, आलो घरी.

मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स म्हणजे हेराल्ड आणि गॅझेल या गाड्या बनवणारी कंपनी. त्यांनी रोव्हरकडून एसडी-१ घेतली आणि १९८५ ला स्टँडर्ड २००० बाजारात आणली. तेव्हा रस्त्यावर काय होतं ते आठवा, अँबॅसिडर, पद्मिनी, नुकती आलेली मारुती ८००, आणि बड्या लोकांसाठी कॉन्टेसा किंवा कुर्ल्याच्या प्रीमियरची ११८ एनई. त्यात ही एकदम परदेशी सिनेमातून उतरल्यासारखी दिसायची.

बॉनेट उघडलं की मात्र व्ही-८ नाही. आत १९९१ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कंपनी आधी व्हॅनमध्ये वापरायची ते, आणि त्याचं मूळ चाळीसच्या दशकातल्या स्टँडर्ड व्हॅनगार्डमध्ये. याच घराण्याचं इंजिन फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरला होतं, म्हणून लोक हिला ट्रॅक्टरचं इंजिन असलेली रोव्हर म्हणून हिणवतात. पण मग पूर्ण सांगा की, याच घराण्याचं इंजिन ट्रायम्फच्या टीआर-२ या स्पोर्ट्स कारलाही होतं. ८३ हॉर्सपॉवर, चार गिअर. आपल्या रस्त्यांसाठी गाडी वर उचललेली आणि सस्पेन्शन कडक केलेलं, त्यामुळे मूळ गाडीचा तो जमिनीला घासत जाणारा डौल गेला आणि ती जरा टाचा उंचावून उभी असल्यासारखी दिसते.

आता न्यायाने बोलायचं तर ८३ हॉर्सपॉवर वाईट नव्हते. त्याच वर्षीच्या कॉन्टेसात अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन होतं, पन्नासच्या आसपास हॉर्सपॉवर, तिच्यापुढे ही पैलवान. अडचण वेगळी होती. तेराशे किलोच्या गाडीला जुन्या काळातलं इंजिन ओढणार म्हणजे पेट्रोल किती पिणार, आणि आपल्याकडे गाडी घेणारा माणूस, मग तो साखर कारखान्याचा चेअरमन का असेना, पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेज किती देते हाच विचारतो. किंमतही वर. आणि मारुतीमुळे लोकांना एव्हाना कळलं होतं की नवीन इंजिन कशाला म्हणतात, चावी फिरवली की चालू, आवाज नाही, दर रविवारी बॉनेटमध्ये डोकं घालायला नको. १९८८ ला उत्पादन थांबलं आणि कंपनीही गाड्यांच्या धंद्यातून उठली.

मला विचाराल तर इंग्लंडात इंजिन चांगलं आणि बांधणीने मारलं, इथे इंजिनाने. आपल्याकडे कोणी तिला खऱ्या व्ही-८ सकट चालवलीच नाही, आणि तरी लोक ठामपणे सांगतात की एसडी-१ म्हणजे ठोकळा.

बंद का केली?

दहा वर्षांत डिझाइन जुनं झालं आणि पुढची गाडी एकट्याने बनवायचे पैसे नव्हते. होंडाशी भागीदारी करून १९८६ ला रोव्हर ८०० आणली, होंडा लेजंडची सख्खी बहीण. एसडी-१ एकूण तीन लाखांच्या थोड्या वर बनल्या.

रोव्हर नाव आता कोणाकडे आहे?

बसा खाली. मुंबईच्या टाटांकडे. रोव्हर कंपनी आधी ब्रिटिश एरोस्पेसकडे, मग १९९४ ला बीएमडब्ल्यूकडे, २००० साली एका ब्रिटिश गटाकडे गेली आणि एप्रिल २००५ ला कोसळली. नावाचे हक्क बीएमडब्ल्यूने स्वतःकडे ठेवले होते, ते २००६ ला फोर्डने घेतले आणि २००८ ला जॅग्वार लँड रोव्हरबरोबर टाटा मोटर्सकडे आले. सोलिहलही त्यात आलं, जिथे ही गाडी सुरुवातीला बनली ते. तिथे आता रेंज रोव्हर बनते.

त्याच्या आधीचाही एक धागा आहे. शेवटच्या काळात रोव्हरकडे छोटी गाडी नव्हती म्हणून २००३ पासून त्यांनी पुण्यात बनलेली इंडिका सिटी रोव्हर नावाने इंग्लंडात विकली. पिंपरीत जोडलेल्या गाडीच्या नाकावर रोव्हरचं ते जहाजाचं चिन्ह. ती तिकडे फार गाजली नाही, महाग लावली होती हे एक कारण.

आज घ्यायची तर काय बघायचं?

इंग्लंडातली असेल तर आधी पत्रा. खालच्या पट्ट्या, मागच्या चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, टेलगेटची खालची बाजू, सगळीकडे हात फिरवून बघा, रंग फुगलेला दिसला की आत गंज समजा. व्ही-८ ला ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर ते सहसा दगा देत नाही. २६०० घेताय तर ऑइल फिल्टर कधी बदलला याचा कागद मागा, कागद नसेल तर चहा पिऊन घरी या.

आपल्याकडची स्टँडर्ड २००० असेल तर पत्रा आणि काचा शाबूत आहेत का तेवढं बघा, कारण यांत्रिक पार्ट कसेतरी जमवता येतात, पण टेललाइट फुटली तर कुठे शोधणार. तिकडचे लोक याबाबतीत नशीबवान निघाले. मद्रासचा कारखाना बंद पडला तेव्हा गोडाऊनमध्ये कोऱ्या पार्टांचा ढीग तसाच राहिला होता, दारं, मडगार्ड, काचा. वर्षानुवर्षं धूळ खात पडला. शेवटी इंग्लंडातल्या एका स्पेअर पार्टवाल्याने तो उरलेला सगळा माल विकत घेऊन जहाजाने तिकडे नेला, आणि आज इंग्लंडात एखादा म्हातारा गॅरेजमध्ये आपली व्ही-८ उभी करून जे दार बसवतोय ते मद्रासला ठोकलेलं असू शकतं.